पंधरा इंचांची आगगाडी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यांत भोजनगृहांतील लांबच लांब मेजावर लहानसे रूळ मांडलेले आहेत, व त्यांवर रुप्याची एक आगगाडी आहे. महाराज माधवराव शिंदे यांच्या काळीं ही गाडी पंक्तीस बसलेल्या पाहुण्यांपुढून फिरे. तिच्यावर मद्याचीं कांचपात्रें व चिरूट ठेवलेले असत, आणि कोणी पाहुण्यानें पात्र उचललें कीं गाडी आपण होऊन थांबे. मौजेची वस्तु म्हणून तिची कीर्ति आजहि टिकून आहे. परंतु त्या गाडीवरचा सारा भार म्हणजे कांहीं पात्रें आणि कांहीं चिरूट. एखादा पाहुणा मेजावरून उठून जर म्हणाला असता कीं, "आतां आम्हांसच या गाडींत बसवा," तर ती घडविणाऱ्या कारागिराच्या तोंडचें पाणी पळालें असतें. माणसास वाहून नेणाऱ्या छोट्या आगगाडीचा इतिहास या एका मागणींतून सुरू होतो, आणि त्या नादापायीं कित्येकांनीं आपलें आयुष्य व पैसा खर्चीं घातला आहे.

आगगाडी लहान करावयाची म्हणजे सगळीं मापें सारख्या प्रमाणांत कमी करावयाचीं, एवढेंच ना, असें प्रथमदर्शनीं वाटतें. शाळेंतील भूमिति ज्यास आठवत असेल त्यास यांतील मेख तेव्हांच कळेल. लांबी एकतृतीयांश केली तर पृष्ठभाग नवमांश होतो, आणि घनफळ व वजन सत्ताविसांश. ८१ टनांचें इंजिन या हिशेबानें ३ टनांवर येतें. बॉयलरमधील पाणी सत्तावीस पटींनीं घटतें, पण ज्या पत्र्यांतून उष्णता बाहेर निसटते तो पत्रा नऊच पटींनीं घटतो. म्हणजे धाकट्या इंजिनास थोरल्याच्या मानानें तिप्पट थंडी वाजते. वाफेचा दाब तोच ठेवला तर दट्ट्याचा जोर नवमांश उरतो, परंतु चाकांना रुळांवर दाबून धरणारें वजन सत्ताविसांशच उरतें. मग चाकें जागच्या जागीं गरगरतात आणि गाडी हलत नाहीं. धुराच्या नळ्या प्रमाणांत बारीक केल्या तर त्या काजळीनें बुजतात, कारण काजळीचे कण कांहीं बारीक होत नाहींत. पाण्याची पातळी दाखविणारी कांचेची नळी फार अरुंद झाली तर केशाकर्षणानें पाणी तींत वर चढून राहतें व इंजिन हांकणाऱ्याची फसगत होते. आणि बॉयलरमधील पाणी खालीं गेलें असतां नळींत तें पुरेसें दिसणें किती घातक आहे, हें सांगावयास नको. याशिवाय पाऊस एकतृतीयांश पडत नाहीं, लांकडी स्लीपर एकतृतीयांश वेगानें कुजत नाहींत, आणि प्रवासी तर दीडशें पौंडांचा असतो तो तेवढाच राहतो!

या अडचणींशीं प्रथम शास्त्रशुद्ध रीतीनें झुंजले ते सर आर्थर हेवुड हे इंग्लंडांतील एक सधन गृहस्थ. त्यांचा जन्म १८४९ सालचा. वडिलांस धातुकामाचा नाद होता, त्यामुळें हत्यारांची ओळख त्यांस घरींच झाली. पुढें केंब्रिज येथें त्यांनीं उपयोजित शास्त्रांचा अभ्यास केला. तरुणपणीं त्यांनीं ९ इंच रुंदीचे रूळ घालून त्यांवर वाफेचें इंजिन चालवून पाहिलें होतें. परंतु मोठें माणूस डब्यांत बसून जरा बाजूस वांकलें कीं डबा कलावयास लागे. तोल न जातां प्रौढ माणसास नेणारी कमींत कमी रुंदी कोणती, हा प्रश्न त्यांच्या मनांत घर करून बसला, व विचारांतीं त्यांनीं उत्तर काढलें : १५ इंच. १८७२ सालीं विवाह होऊन ते डर्बीजवळील डफील्ड येथें राहावयास गेले, आणि १८७४ च्या सुमारास घरामागच्या टेंकडीवर त्यांनीं आपला मार्ग घालावयास घेतला.

जागा पाहिली तर असल्या कामास ती अगदींच गैरसोयीची. टेंकडी उभी, दहा-बारा फुटांत एक फूट चढ, आणि वळणें इतकीं कीं २५ फूट त्रिज्येच्या वर्तुळांत गाडी फिरली पाहिजे. हेवुड यांस हेंच हवें होतें. सपाट मैदानावर चाललेल्या गाडीनें कांहींच सिद्ध झालें नसतें. बोगदे झाले, लांकडी खांबांचा उंच पूल झाला, स्टेशनें झालीं, आणि मार्गाची सारी लांबी मैलभराच्या आसपास असतांहि जेवणाचा डबा व निजावयाचा डबाहि तयार झाला! एक मैलाच्या प्रवासांत निजावयाचें कोणीं व केव्हां, हा प्रश्न रास्त आहे. पण एवढ्याशा रुळांवर कोणती सोय होऊं शकते तें त्यांना दाखवावयाचें होतें.

इंजिनें ते स्वतःच्याच कारखान्यांत करीत. पहिल्या इंजिनास त्यांनीं पत्नीचें 'एफी' हें नांव दिलें. त्यामागून १८८१ सालीं 'एला' व १८९४ सालीं 'म्यूरिएल' तयार झालीं. रुळांमधील चिंचोळ्या जागेंत नेहमींची भट्टी बसेना, म्हणून त्यांनीं बॉयलरच्या पोटांतच नळकांड्यासारखी गोल भट्टी बसविली. जोर मिळावा म्हणून सर्वच चाकें चालतीं केलीं, व इंजिनाचें सगळें वजन त्यांवरच टाकलें. पण आठ चाकांचें लांबलचक इंजिन २५ फुटी वळण घेणार कसें? यासाठीं त्यांनीं बाहेरच्या आंसांवर पोकळ नळ्या चढवून चाकें त्या नळ्यांस जोडलीं. आंतला आंस सरळ राही आणि चाकें वळणाच्या बाजूस कलत. नेरळ-माथेरान मार्ग १९०७ सालीं सुरू झाला तेव्हां त्यावरील पहिल्या इंजिनांनाहि घाटांतील वळणांसाठीं असेच हलते आंस बसवावे लागले होते. तेथील रुळांची रुंदी २ फूट आहे. हेवुड यांचे रूळ त्याहूनहि ९ इंचांनीं अरुंद होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या कामाची अवघडता कळते. हेवुड हे चर्चमधील घंटा ठराविक क्रमांनीं वाजविण्याच्या विद्येंतहि निष्णात होते, व १८९१ सालीं स्थापन झालेल्या घंटावादकांच्या मध्यवर्ती मंडळाचे ते मरेपर्यंत अध्यक्ष होते. घंटांच्या हजारों क्रमांचा हिशेब ठेवण्यांत ज्यास गोडी वाटे त्यास आंसांच्या कोनांचा कंटाळा कसा येणार!

आपल्या गाडीस कोणी खेळणें म्हटलेलें हेवुड यांस खपत नसे. मोठ्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृति करण्यांत त्यांस मुळींच रस नव्हता. रूळ एवढे, चढ एवढा, ओझें एवढें. मग या कामास योग्य असें इंजिन कोणतें, एवढाच त्यांचा प्रश्न. तें दिसावयास बेढब झालें तर होवो. मोठ्या जमीनदारांच्या मळ्यांवर कोळसा, विटा व लांकूड नेण्यास आणि युद्धांत सैन्यामागें दारूगोळा पोंचविण्यास असले मार्ग उपयोगी पडतील, असें त्यांनीं पुस्तक लिहून प्रतिपादन केलें, लोकांस बोलावून गाड्या चालवून दाखविल्या. लष्करी खात्यानें त्यांचें म्हणणें मनावर घेतलें नाहीं. गिऱ्हाईक मिळालें तें एकच, चेस्टरजवळच्या ईटन हॉलचे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. १८९६ सालीं त्यांच्या जमिनीवर सुरू झालेला सुमारें ३ मैलांचा मार्ग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत इमानानें राबला. हेवुड १९१६ च्या एप्रिल महिन्यांत वारले. त्याच वर्षीं फ्रान्समधील रणभूमीवर चिखलांत रुतलेल्या तोफांना गोळे पुरविण्यासाठीं ब्रिटिश सैन्यास हलक्या, अरुंद रूळमार्गांचें जाळें घालणें भाग पडूं लागलें होतें. त्यांची रुंदी मात्र हेवुड यांची नव्हती, ६० सेंटिमीटरची होती.

मध्यंतरीं नॉर्थॅम्प्टन शहरांत दुसराच संप्रदाय निघाला होता. बॉयलर करणाऱ्या घराण्यांतील वेनमन बॅसेट-लोक या तरुणानें १८९९ सालीं छोट्या इंजिनांचा व्यापार मांडला, व त्यास हेन्री ग्रीनली हा कल्पक आराखडाकार मिळाला. यांची दृष्टि हेवुड यांच्या अगदीं उलट. मोठ्या मार्गावरील एखादें देखणें, रंगीत, वेगवान इंजिन घ्यावयाचें आणि तें जसेंच्या तसें लहान करावयाचें. लोकांस तेंच पाहून आनंद होतो. १९०५ सालीं त्यांचें 'लिटल जायंट' हें चतुर्थांश मापाचें इंजिन तयार झालें. त्याच्या चांचण्या घेतल्या त्या ईटन हॉलच्या, म्हणजे हेवुड यांनींच घातलेल्या रुळांवर! मग ब्लॅकपूलच्या समुद्रकांठीं तें मुलांमाणसांस घेऊन धांवूं लागलें. पुढें रिल, साउथपोर्ट अशा सहलीच्या गांवींहि गाड्या सुरू झाल्या. मार्ग सपाट, अंतर थोडें, हंगाम उन्हाळ्याचा. इंजिनाच्या जिवावर बेतेल असा प्रसंग कोठेंच नव्हता.

तो प्रसंग आला १९१५ सालीं. इंग्लंडच्या वायव्येस डोंगराळ मुलुखांत रॅव्हनग्लास ते बूट असा ३ फूट रुंदीचा एक मार्ग लोखंडाच्या खाणींसाठीं १८७५ सालीं निघाला होता, व तो १९१३ सालीं बंद पडून गवतांत बुडाला होता. बॅसेट-लोक व त्यांचे भागीदार यांनीं तो भाड्यानें घेऊन १५ इंचांचा केला, आणि ऑगस्ट १९१५ मध्यें 'साँ परेल' हें सुबक इंजिन त्यावर सोडलें. सात मैलांचा मार्ग, डोंगरांतले चढ, पावसाळी हवा, रुळांवर येणारी दगडांची भुकटी! समुद्रकांठच्या पोषाखी इंजिनाचे सांधे थोड्याच वर्षांत खिळखिळे झाले. शेवटचा बूट गांवापर्यंतचा चढ तर त्या गाड्यांस झेपेना, म्हणून अखेरचें स्टेशनच अलीकडे डेलगार्थ येथें आणावें लागलें. चालकांनीं धांव घेतली ती नुकत्याच वारलेल्या हेवुड यांच्या मालमत्तेकडे. 'एला' आणि 'म्यूरिएल' रॅव्हनग्लास येथें आलीं. प्रदर्शनांत ज्यांच्याकडे कोणी वळून पाहिलें नसतें, त्या बुटक्या इंजिनांनीं चढावर ओझीं ओढलीं. इंजिन देखणें असावें हा आग्रह चुकीचा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु डोंगराला डोळे नसतात.

ग्रीनली यांची बुद्धि मात्र शिकणारी होती. १९२३ सालीं त्यांनीं याच मार्गासाठीं 'रिव्हर एस्क' इंजिन आखलें व कोल्चेस्टरच्या डेव्ही पॅक्समन कारखान्यानें तें घडविलें. यांत त्यांनीं एक युक्ति केली. १५ इंच म्हणजे मोठ्या मार्गाच्या रुंदीचा चतुर्थांश, किंचित् अधिक. तरी इंजिनाचें माप त्यांनीं चतुर्थांश न धरतां तृतीयांश धरलें. इंजिन रुळांच्या मानानें अंगानें थोराड झालें, बॉयलर मोठा झाला, वजन वाढलें, आणि चाकांची पकड सुधारली. भूमितीशीं केलेली ही तडजोड म्हणजे हेवुड यांच्या मतास दिलेली मूक संमतिच होय. तिच्यांत वाफ सोडण्याचीं झडपें मात्र त्यांनीं नव्या धाटणीचीं घातलीं होतीं. तीं लौकरच काढून जुन्या वळणाचीं बसवावीं लागलीं.

याच सुमारास घरगुती कारखान्यांत बसून लहान इंजिनें करणाऱ्या मंडळींतहि एक कडाक्याचें भांडण जुंपलें. 'मॉडेल इंजिनिअर' या पत्रांत १९२२ पासून तें गाजलें. अडीच इंच रुळांवरील इंजिनांत खरा कोळसा जाळून काम भागत नाहीं, स्पिरिटचा दिवा लावावा, असा व्यापारी मंडळींचा रूढ समज होता. 'एल.बी.एस.सी.' या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका कारागिरानें 'आयेशा' नांवाचें कोळशावर चालणारें इंजिन करून, त्याच्या मागें गाड्यावर स्वतः बसून तें सर्वांसमक्ष चालविलें. नळ्या प्रमाणांत बारीक न करतां संख्येनें थोड्या पण मोठ्या ठेवावयाच्या, हें त्यांतलें मर्म. त्यानंतर हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून सामान्य कामगाराच्या परसांत उतरला, व जगांत ठिकठिकाणीं मंडळें निघालीं.

श्रीमंतांचा छंद मात्र वेगानेंच धांवत होता. काउंट लुई झ्बोरोव्स्की हा मोटारींच्या शर्यतींत नांवाजलेला तरुण. त्याचे वडील १९०३ सालीं शर्यतींतच मरण पावले होते. कँटरबरीजवळच्या आपल्या वाड्याच्या आवारांत त्यानें १५ इंचांची गाडी खेळविली होती. पण त्यावर समाधान न मानतां खरी, लांब पल्ल्याची, भरधांव छोटी रेल्वे उभारावी असें त्याच्या मनानें घेतलें. मार्ग कोठून न्यावयाचा याचा पत्ता नसतां त्यानें ग्रीनली यांच्या आराखड्यांची दोन इंजिनें पॅक्समनकडे मागवूनहि टाकलीं! १९ ऑक्टोबर १९२४ रोजीं इटलींतील मोंझाच्या शर्यतींत त्याची मोटार झाडावर आदळली व तो ठार झाला. वय अवघें एकोणतीस. अर्धवट घडलेलीं इंजिनें कारखान्यांत तशींच उभीं राहिलीं.

तीं घेतलीं त्याचा स्नेही कॅप्टन हॉवी यानें. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न शहराच्या ऐन मध्यांत या घराण्याची जमीन होती, तेव्हां पैशाची ददात नव्हती. जागेचा शोध करतां करतां केंट परगण्यांतील रॉमनीचा सखल, दलदलीचा, तळहातासारखा सपाट प्रदेश पसंत पडला. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढें सहावे जॉर्ज बादशहा झाले ते, तयार झालेला थोडा मार्ग पाहावयास आले व त्यांनीं स्वतः इंजिन चालवून पाहिलें. १६ जुलै १९२७ रोजीं हाइद ते न्यू रॉमनी हा सव्वाआठ मैलांचा दुपदरी मार्ग खुला झाला. पुढच्या वर्षीं तो डंजनेसच्या दीपगृहापर्यंत नेऊन साडेतेरा मैलांचा केला. ग्रीनलींचीं तृतीयांश मापाचीं इंजिनें येथें आपल्या खऱ्या घरीं आलीं. चढ नाहीं, तीव्र वळण नाहीं, आणि ताशीं २५ मैलांची गति रुळांलगत बसलेल्या प्रवाशास वादळासारखी भासे. रॅव्हनग्लासच्या डोंगरानें जो निकाल दिला होता, तो रॉमनीच्या सपाटीनें फिरविला.

पण छंदाची आगगाडी सार्वजनिक झाली कीं मालक तिचा चाकर होतो. उन्हाळ्यांत गर्दी मावत नाहीं व हिंवाळ्यांत डबे रिकामे; पगार मात्र बारा महिन्यांचे. समुद्राची खारी हवा पत्रे खाते. हॉवी यांनीं सहलीचे प्रवासी नेलेच, शिवाय डंजनेसची वाळूखडी वाहिली. पुढें कित्येक वर्षें शाळेचीं मुलेंहि या गाडीनें जात-येत. दुसऱ्या महायुद्धांत लष्करानें मार्ग ताब्यांत घेतला, 'हर्क्युलिस' नांवाच्या इंजिनास पोलादी चिलखत चढविलें, डब्यांवर मशिनगना बसविल्या, आणि शत्रूच्या वाटेवर ही चिमुकली गाडी पहाऱ्यास उभी केली! तिची चेष्टा करणें सोपें आहे. पण फ्रान्सचा किनारा समोर असतां ती तेथें खरोखरच फिरत होती. युद्धानंतर रूळ इतके मोडकळीस आले होते कीं डंजनेसकडील भाग १९४७ सालीं पुन्हां सुरू झाला तो एकपदरी. त्या समारंभास लॉरेल व हार्डी हे प्रसिद्ध विनोदी नट आले होते.

या छंदांतील सर्वांत अवघड जागा मात्र ना बॉयलर, ना चाक. ती म्हणजे रस्त्यावरील फाटक. १९२७ सालीं जेथून एखादी बैठी मोटार वा घोडागाडी जाई, तेथून पुढें जड मोटारींचा लोंढा वाहूं लागला. इंजिनाचें वजन आठ टनांच्या घरांत, हांकणारा रस्त्याच्या पातळीपासून हातभर उंचीवर, आणि त्याच्या संरक्षणार्थ एक पातळ पत्रा. तेथें त्याचें शरीर पूर्ण मापाचें आणि इंजिन तिसऱ्या हिश्शाचें. २००३ व २००५ सालीं अशा दोन धडकांत इंजिन हांकणारी दोन माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर रस्त्यांवर आडवे दांडे बसविण्याचें काम हातीं घेण्यांत आलें.

हॉवी १९६३ सालीं वारले. मागून मालकी हातोहातीं फिरली, रूळ व पूल थकत गेले, आणि १९७२ सालीं बांधकामाच्या धंद्यांतील विल्यम मॅकअल्पाइन यांच्या मंडळानें कारभार हातीं घेतला म्हणून मार्ग वांचला. रॅव्हनग्लास मार्गाचा तर १९६० सालीं लिलांवच पुकारला गेला होता. तेथें दगडांचा धंदा बसला होता, आणि भंगाराचे व्यापारी टपून होते. आसपासच्या छंदिष्ट मंडळींनीं वर्गणी जमविली, दोघां धनिकांनीं उरलेली भर घातली, व मार्ग विकत घेतला. तेव्हांपासून तेथें पगारी नोकरांच्या बरोबरीनें हौशी माणसें सुट्टीच्या दिवशीं येऊन स्लीपर बदलतात, गवत काढतात, डब्यांस रंग देतात.

त्या ताफ्यांत 'रिव्हर अर्ट' नांवाचें हिरवें इंजिन आहे. १९२७ सालीं त्यास नवा बॉयलर मिळाला, मागें पाणी-कोळशाचा डबा जोडला गेला, पुढें कित्येक वर्षांनीं धुराडें व छप्परहि बदललें. परंतु त्याच्या खालचा सांगाडा १८९४ सालच्या 'म्यूरिएल'चा आहे, डफील्डच्या टेंकडीवर हेवुड यांनीं स्वतः जुळविलेला.